हवेंतून इंधन : उत्प्रेरकाचें सामर्थ्य व मर्यादा

एके काळीं मध्यम वर्गांतील बहुतेक घरांच्या फडताळांत वनस्पति तुपाचा डबा असे. शेंगदाण्याचें किंवा सरकीचें पातळ तेल कारखान्यांत जाई आणि घट्ट, दाणेदार तूप होऊन बाहेर येई. तें लोणकढ्या तुपाच्या जागीं वाढावें कीं नाहीं, यावर घरोघर वाद झाले. परंतु पातळ तेल घट्ट झालें कसें, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं. तें थंड करून घट्ट केलेलें नव्हतें, किंवा त्यांत मेणही कालविलेलें नव्हतें. तेलाच्या रेणूंना हायड्रोजन वायूची, म्हणजे जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्याला उज्जवायु म्हणत त्याची, जोड दिलेली होती. नुसतें तेल आणि नुसता हायड्रोजन एकत्र तापवून ठेवले, तर हा संयोग जवळ जवळ होतच नाहीं. त्यांत निकेल धातूची अगदीं बारीक पूड घातली कीं तोच संयोग झपाट्यानें होऊं लागतो. काम आटोपल्यावर ती पूड गाळून काढतात व पुन्हां नव्या तेलांत घालतात. निकेल तुपाचा घटक होत नाहीं. तें मध्यें येतें, काम घडवून आणतें आणि बाजूस होतें. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात.

आज ह्याच निकेलाकडे आणि तांबें, लोखंड, प्लॅटिनम इत्यादि त्याच्या भाऊबंदांकडे जगांतील रसायनशास्त्रज्ञ फार मोठ्या अपेक्षेनें पाहत आहेत. दगडी कोळसा व खनिज तेल जाळून मनुष्यानें हवेंत जो कार्बन डायऑक्साइड वायु सोडला, तो परत धरून, सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या शक्तीनें त्याचें पुन्हां इंधन करतां येईल काय, असा हा प्रश्न आहे. उत्तर होकारार्थी आहे. तें प्रयोगशाळेंत तर सिद्ध झालेंच आहे, पण कारखान्यांतही कांहीं प्रमाणांत सिद्ध झालें आहे. परंतु ह्या खऱ्या शास्त्राच्या सांवलींत पुष्कळ खोटेंही वाढतें. "पाण्यावर चालणारी मोटार", "हवेपासून फुकट पेट्रोल" अशा वार्ता अधूनमधून उठतात. १९९६ सालीं तमिळनाडूंतील एका इसमानें झाडपाल्यापासून पेट्रोल करून दाखविल्याची बातमी देशभर गाजली. शास्त्रीय कसोटीला तो दावा उतरला नाहीं. अशा वेळीं चांगले शिकलेले लोकही फसतात, आणि एकदां फसले म्हणजे खऱ्या संशोधनावरचाही त्यांचा विश्वास उडतो. हे दोन्ही तोटे टाळावयाचे असतील तर एकच गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ती म्हणजे, उत्प्रेरक काय करूं शकतो आणि काय करूं शकत नाहीं.

उत्प्रेरकाचा प्रताप प्रथम लोकांच्या डोळ्यांत भरला तो १८२३ सालीं. जर्मनींतील येना येथील विद्यापीठांत डोबरायनर नांवाचे प्राध्यापक होते. प्लॅटिनमच्या सच्छिद्र, स्पंजासारख्या पुंजक्यावर हायड्रोजनची धार सोडली असतां ती हवेंत आपोआप पेट घेते, असें त्यांस आढळलें. ठिणगी नाहीं, काडी नाहीं, आणि तरी ज्वाला! ह्या शोधावरून तयार केलेला दिवा युरोपांतील अनेक घरांत विस्तव पेटविण्यासाठीं वापरला जाऊं लागला. आगकाड्यांचा प्रसार व्हावयाचा होता त्या काळची ही गोष्ट आहे. पुढें १८३५ सालीं स्वीडनमधील बर्झेलियस ह्या विख्यात रसायनशास्त्रज्ञानें अशा विखुरलेल्या अनेक चमत्कारांना एकत्र गुंफून त्यांस एक नांव दिलें. परंतु नांव दिल्यानें उलगडा होत नसतो. तो बऱ्याच अंशीं केला जर्मनींतील ओस्टवाल्ड यांनीं. उत्प्रेरक क्रियेचा वेग बदलतो, पण क्रिया शेवटीं कोणत्या ठिकाणीं जाऊन स्थिरावेल तें बदलत नाहीं, असा त्यांचा सिद्धान्त आहे. ह्या कार्याबद्दल १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

हा सिद्धान्त ऐकावयास साधा वाटतो. पण सर्व विषयाचें मर्म त्यांतच आहे. तो समजण्यास बोरघाटाचा दाखला फार उपयोगी पडेल. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंच आहे. मुंबई समुद्रकांठीं आहे. तेव्हां पुण्याहून मुंबईस येणें म्हणजे एकंदरींत उतरणेंच. तथापि पुण्याचा प्रवासी घरून निघतांच उताराला लागत नाहीं. मध्यें लोणावळें आहे, आणि तें पुण्याहूनही कांहीं मीटर उंच आहे. आधीं तेवढें चढावें, मग घाट उतरावा. रासायनिक क्रियांचें असेंच असतें. लांकूड जळणें ही उतरण्याची क्रिया आहे. तींत उष्णता बाहेर पडते. तरीही लांकूड फडताळांत पडल्या पडल्या पेटत नाहीं, कारण मध्यें एक चढ आहे. तो चढ ओलांडण्यापुरती आंच प्रथम बाहेरून द्यावी लागते.

आतां कल्पना करावी कीं, कोणी लोणावळ्याच्या डोंगराच्या पोटांतून एक बोगदा खणला. प्रवाशाचा मधला चढ वांचला. तो लवकर व कमी श्रमांत पोहोंचूं लागला. उत्प्रेरक हा असा बोगदा आहे. परंतु बोगदा कितीही उत्तम खणला तरी त्यानें पुणें खालीं येत नाहीं आणि मुंबई वर जात नाहीं. मुंबईहून पुण्यास निघालेल्या गाडीला ते साडेपांचशें मीटर चढावेच लागतात, आणि त्यासाठीं लागणारा जोर इंजिनालाच लावावा लागतो. १८६३ सालीं बोरघाटांतून रेल्वे सुरू झाली तेव्हांपासून आजतागायत जड गाड्यांना कर्जतहून वर ढकलण्यास जादा इंजिनें जोडावीं लागतात, ती गोष्ट कोणत्याही बोगद्यानें चुकविली नाहीं. आणखी एक गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. बोगदा जाणाऱ्याला उपयोगी तसाच येणाऱ्यालाही. उत्प्रेरकही क्रियेच्या दोन्ही दिशांना सारखाच साहाय्य करतो. अमुक दिशेचा पक्ष तो घेत नाहीं.

हें लक्षांत ठेवून इंधनाकडे पाहावें. इंधन जळलें म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतें, व उष्णता बाहेर पडते. हा पुण्याहून मुंबईचा उतार झाला. त्या कार्बन डायऑक्साइडाचें व पाण्याचें पुन्हां इंधन करणें म्हणजे मुंबईहून पुण्यास चढणें होय. जेवढी उष्णता उतरतांना मिळाली, निदान तेवढी ऊर्जा चढतांना कोठून तरी आणावी लागणार. झाडाचें हिरवें पान हेंच काम करतें, पण तें सूर्याकडून ऊर्जा घेतें. जो कोणी सांगेल कीं, "अमुक पूड पाण्यांत टाकली कीं पाण्याचेंच इंधन होतें," त्यास एकच प्रश्न विचारावा : "महाराज, चढणीसाठीं इंजिन कोठें आहे?" पूड हा बोगदा असूं शकेल, पूड हें इंजिन नव्हे.

मग बोगद्याचें एवढें महत्त्व कां? कारण ज्या चढणीला मुळींच वाट नाहीं, तेथें इंजिन असूनही उपयोग नसतो. आणि वाट वांकडी असेल तर ऊर्जा फुकट जाते. ह्या ठिकाणीं पुन्हां निकेलाकडे वळलें पाहिजे.

फ्रान्सच्या दक्षिण भागांत तुलूझ येथें पॉल साबात्ये नांवाचे एक प्राध्यापक होते. पॅरिसच्या झगमगाटांत जाण्याचें टाळून त्यांनीं आपलें बहुतेक आयुष्य त्याच गांवीं काढलें. साँदराँ या आपल्या सहकाऱ्याबरोबर १८९७ च्या सुमारास त्यांनीं निकेलाच्या पुडीचे प्रयोग आरंभिले. १९०२ सालीं त्यांनीं तापविलेल्या निकेलावरून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांचें मिश्रण नेलें, आणि दुसऱ्या बाजूनें मीथेन वायु व पाण्याची वाफ बाहेर पडली. मीथेन म्हणजे गोबरगॅसमध्यें असतो तो जळाऊ वायु. म्हणजे जळून गेलेल्या राखेसमान वायूचें पुन्हां इंधन झालें! तेलाचें तूप करण्याची युक्तिही ह्याच संशोधनाच्या पाठोपाठ, १९०२ सालींच, जर्मनींत नॉर्मान यांनीं पेटंट करून ठेवली. साबात्ये यांस १९१२ सालीं नोबेल पारितोषिक ग्रिन्यार यांच्यासह विभागून मिळालें. स्वयंपाकघरांतील डबा आणि आजचें नवें इंधन, हीं दोन्ही अशा रीतीनें एकाच घराण्यांतलीं आहेत.

निकेल हें काम करतें कसें? हायड्रोजनचा रेणु दोन अणूंचा बनलेला असतो व ते एकमेकांस घट्ट धरून असतात. निकेलाच्या पृष्ठभागावर रेणु टेकला कीं धातु त्या दोन्ही अणूंस आपल्याकडे ओढून त्यांची जोडी सोडवितो. सुटे झालेले अणु मग शेजारीं येऊन टेकलेल्या दुसऱ्या रेणूस सहज जोडले जातात, आणि नवा पदार्थ पृष्ठभाग सोडून निघून जातो. रिकाम्या झालेल्या जागीं पुढचा रेणु येतो. येथें एक तारतम्य लागतें. आलेल्या पाहुण्यास बसावयासही न सांगणारें घर जसें निरुपयोगी, तसेंच त्यास उठूंच न देणारें घरही निरुपयोगी. जो धातु रेणूंस मुळींच धरीत नाहीं त्याच्यावर क्रिया घडत नाहीं. जो फार घट्ट धरतो त्याची सारी जागा अडून बसते. बेताचें धरणें व वेळेवर सोडणें, हा उत्तम उत्प्रेरकाचा गुण होय. हें तत्त्व साबात्ये यांच्याच नांवानें ओळखलें जातें. धातूंच्या पृष्ठभागावर हें सारें कसें घडतें, त्याचा अतिशय सूक्ष्म अभ्यास करणारे जर्मन शास्त्रज्ञ गेरहार्ड एर्टल यांस २००७ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें.

उत्प्रेरकास पुष्कळ वेळां विरजणाची उपमा देतात. ती अर्धी खरी आहे. चमचाभर विरजणानें पातेलेंभर दूध लागतें हें खरें. पण विरजणांतील जिवाणु दुधांतील साखर खाऊन वाढतात, आणि म्हणूनच आजच्या दह्याचें उद्यां विरजण होतें. निकेल वाढत नाहीं. उलट, तें हळूहळू निकामी होत जातें, आणि ह्या शास्त्रांतील फार मोठें दुखणें तेंच आहे.

तें पुढें येईलच. आधीं मेथॅनॉल ह्या द्रव इंधनाचें उदाहरण घेऊं. ह्यास पूर्वीं लांकडाचा स्पिरिट म्हणत, कारण लांकडाच्या ऊर्ध्वपातनानें तें मिळे. तें अत्यंत विषारी आहे, परंतु तें जळतें, त्याच्यावर इंजिनें चालतात, आणि त्यापासून प्लॅस्टिकें, रंग, डिंकासारखे चिकट पदार्थ इत्यादि शेंकडों वस्तु होतात. १९२३ सालीं जर्मनींत लॉयना येथें कोळशाच्या वायूपासून मेथॅनॉल करण्याचा मोठा कारखाना सुरू झाला. तेथील उत्प्रेरक जस्त व क्रोमियम यांच्या भस्मांचा होता. तो मंद असल्यामुळें वायूंना ३०० ते ४०० अंश सेंटिग्रेड तापवावें लागे. परंतु ही क्रिया उष्णता बाहेर टाकणारी आहे. अशी क्रिया जितकी तापवावी तितकी ती मागें फिरूं पाहते. ती मागें फिरूं नये म्हणून हवेच्या दाबाच्या अडीचशें ते साडेतीनशें पट दाब द्यावा लागे. त्यासाठीं जाडजूड पोलादाचीं पात्रें व अजस्र पंप लागत. तांब्याचा उत्प्रेरक ह्याहून चपळ आहे हें ठाऊक होतें. पण कोळशाच्या वायूंत गंधक असे, आणि गंधक हें तांब्याचें विष आहे. पुढें वायु स्वच्छ करण्याची विद्या सुधारली, आणि १९६६ सालीं इंग्लंडांतील एका मोठ्या रसायन कंपनीनें तांबें, जस्ताचें भस्म व अल्युमिनाचें भस्म यांचा उत्प्रेरक कारखान्यांत आणला. उष्णतामान २०० ते ३०० अंशांवर उतरलें व दाब ५० ते १०० पटींवर आला. धातूंची एक जोडी बदलल्यानें एवढा फरक पडला! चांगला बोगदा म्हणजे काय, याचें ह्याहून सुबोध उदाहरण क्वचित् सांपडेल.

आजचा प्रयत्न असा आहे कीं, हेंच मेथॅनॉल कोळशापासून न करतां कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांपासून करावें, आणि तो हायड्रोजन सूर्याच्या किंवा वाऱ्याच्या विजेनें पाण्याचें विघटन करून मिळवावा. आइसलंडमध्यें स्वार्त्सेंगी येथें भूगर्भांतील वाफेवर वीज करणाऱ्या केंद्राशेजारीं, तेथीलच कार्बन डायऑक्साइड घेऊन मेथॅनॉल करणारा कारखाना २०१२ सालीं सुरू करण्यांत आला. वर्षाला सुमारें ४,००० टन अशी त्याची क्षमता होती. १९९४ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज ओला यांचें नांव त्यास दिलें होतें. २०२५ सालीं डेन्मार्कमध्यें कासो येथें वर्षाला ४२,००० टन क्षमतेचा कारखाना उघडला. त्याचें मेथॅनॉल मुख्यतः जहाजांसाठीं आहे.

ह्या व्यवहाराचा हिशेब शाळेंतील रसायनशास्त्राच्या आधारें कोणासही मांडतां येईल. एक टन मेथॅनॉल करण्यास १,३७५ किलो कार्बन डायऑक्साइड आणि सुमारें १८८ किलो हायड्रोजन लागतो. त्या हायड्रोजनपैकीं एक तृतीयांश मेथॅनॉलमध्यें जातच नाहीं. त्याचें पुन्हां पाणी होतें. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढण्यास आजच्या चांगल्या यंत्रांतही सुमारें ५० युनिटें वीज खर्च होते. हें युनिट म्हणजे घरच्या विजेच्या बिलावर असतें तेंच. म्हणजे एका टनामागें नुसत्या हायड्रोजनसाठीं ९,४०० युनिटें झालीं. आणि तें टनभर मेथॅनॉल जाळलें असतां उष्णता मिळते ती सुमारें साडेपांच हजार युनिटांइतकी. पुढें तें इंजिनांत जाळलें कीं त्यांतीलही निम्म्याहून अधिक उष्णता धुराबरोबर व पाण्याबरोबर निघून जाते.

येथें उत्प्रेरकाचें खरें क्षेत्र कोणतें तें आंकड्यांनींच दिसून येतें. अगदीं निर्दोष उत्प्रेरक मिळाला आणि कोठेंही गळती झाली नाहीं, तरी एक किलो हायड्रोजन पाण्यांतून काढण्यास वीज व उष्णता मिळून सुमारें ३९ युनिटांहून कमी ऊर्जा पुरणार नाहीं. ही निसर्गानें ठरविलेली चढण आहे. आजचा खर्च ५० चा. तेव्हां ह्या कामीं संशोधनाची सारी लढाई ५० आणि ३९ यांच्या मधल्या पट्टींत चालली आहे. ५० चे ४५ करणें हा मोठा पराक्रम होईल. ५० चे १० करून दाखवितों म्हणणारा मात्र एक तर स्वतः फसलेला असतो किंवा दुसऱ्यास फसवीत असतो.

ही लढाई सोपी नाहीं. पाण्याच्या विघटनाच्या एका पद्धतींत, आम्लाच्या सान्निध्यांत टिकेल अशा धातूची गरज असते, व प्राणवायु जेथें सुटतो त्या बाजूस इरिडियम वापरावें लागतें. साऱ्या जगांत वर्षाकाठीं इरिडियम निघतें तें सुमारें सात-आठ टन. एवढ्याशा धातूवर जगाचें इंधन उभें करणें शक्य नाहीं. म्हणून त्याचें प्रमाण कमी करण्याचे किंवा त्यास पर्याय शोधण्याचे प्रयत्न चालले आहेत. दुसरी, जुनी पद्धति क्षारयुक्त पाण्याची. तींत विजेचे ध्रुव निकेलाचे असतात. वनस्पति तुपाच्या कारखान्यांतील जुना कामगार येथेंही हजर आहे!

तिसरा मार्ग याहून धाडसाचा. हायड्रोजन वेगळा न काढतां, पाण्यांत विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडावरच विजेचा प्रयोग करावयाचा. १९८५ सालीं जपानमधील होरी व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, तांब्याचा ध्रुव वापरला असतां कार्बन डायऑक्साइडापासून मीथेन व एथिलीन हे वायु तयार होतात. हा गुण शुद्ध धातूंपैकीं तांब्यांतच विशेष दिसून येतो. परंतु तांबें एकच पदार्थ देत नाहीं. मीथेन, एथिलीन, अल्कोहोल, हायड्रोजन असा काला निघतो, आणि तो निवडीत बसण्यांत पुन्हां ऊर्जा खर्च होते. म्हणून उत्प्रेरकाची परीक्षा केवळ वेगावर होत नाहीं. हवा तोच पदार्थ करावा, दुसरा करूं नये, हा विवेकही त्याच्या अंगीं लागतो.

अशा विवेकाचें उत्तम उदाहरण झिओलाइट नांवाच्या खनिजवर्गांत आढळतें. पुणें, नाशिक, जळगांव ह्या भागांतील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी असे सुंदर स्फटिक सांपडतात. जगभरचे संग्राहक ते नेतात. त्यांतील पुष्कळसे झिओलाइट वर्गाचे असतात. त्यांच्या अंतर्भागांत रेणूंच्या मापाचे बोळ असतात. कारखान्यांत वापरावयाचे झिओलाइट मात्र मुद्दाम तयार करतात. त्यांपैकीं एका प्रसिद्ध जातींतील बोळांची रुंदी एका मिलिमीटरच्या सुमारें अठरा लाखाव्या भागाइतकी असते. ह्या बोळांत मेथॅनॉल शिरलें कीं त्याचे रेणु एकमेकांस जोडले जाऊन पेट्रोलांतील घटक बनतात. आणि बोळ अरुंद असल्यामुळें त्याहून मोठे रेणु बाहेरच पडूं शकत नाहींत. न्यूझीलंडमध्यें १९८५ च्या सुमारास ह्याच रीतीनें मेथॅनॉलपासून पेट्रोल करण्याचा मोठा कारखाना सुरू झाला होता. त्याचा मूळ माल मात्र नैसर्गिक वायु होता. पुण्यांतील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजीं उघडली. तेथें ह्याच वर्गांतील उत्प्रेरकांवर पुढें मोठें काम झालें, व १९८० नंतरच्या दशकांत तेथें निपजलेला एक झिओलाइट बडोद्याच्या रसायन कारखान्यांत प्रत्यक्ष वापरांत आला. महाराष्ट्राच्या मातींतही हें शास्त्र रुजलें आहे, याची ही साक्ष आहे.

आतां मघाशीं सोडलेल्या दुखण्याकडे वळूं. उत्प्रेरक खर्ची पडत नाहीं, पण तो म्हातारा होतो. गंधकासारखे पदार्थ त्याच्या जागा अडवून बसतात. उष्णतेनें बारीक कण एकमेकांस चिकटून मोठे होतात व पृष्ठभाग घटतो. कधीं काजळी जमून सारें बंद पडतें. ह्या विषबाधेचा एक अनुभव मुंबईकरांच्या मोटारींनींही घेतला आहे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना, धुरांतील विषारी वायु निर्विष करणारी उत्प्रेरकाची पेटी लावणें आवश्यक झालें. त्या पेटींत प्लॅटिनम वर्गांतील धातु असतात, व शिसें हें त्यांचें विष आहे. म्हणून त्या मोटारींसाठीं शिसेंविरहित पेट्रोल आणावें लागलें, आणि २००० सालापासून देशभर तेंच मिळूं लागलें. एका नाजूक धातूच्या रक्षणासाठीं साऱ्या देशाचें पेट्रोल बदललें, आणि त्याबरोबर रस्त्याकडेच्या मुलांच्या श्वासांतलेंही शिसें कमी झालें. प्रयोगशाळेंतील एक दिवसाचें यश आणि कारखान्यांत वर्षानुवर्षें टिकणारें यश यांत अंतर असतें तें ह्या विषांचें व म्हातारपणाचें. वृत्तपत्रांत पहिल्याची बातमी येते. जगाला उपयोगी पडतें तें दुसरें.

त्या दुसऱ्या यशासाठीं किती चिकाटी लागते, याचें उदाहरण इतिहासांत आहे. हवेंतील नत्रवायूपासून अमोनिया करण्याची हाबर यांची रीति १९०९ सालीं सिद्ध झाली. परंतु तिला लागणारे ऑस्मियम व युरेनियम दुर्मिळ होते. मिट्टाश व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हजारों मिश्रणें एकामागून एक तपासलीं, तेव्हां कुठें स्वीडनमधील एका लोहखनिजावरून धागा सांपडून, अल्युमिना व पोटॅश यांची अल्प जोड दिलेलें साधें लोखंडच उत्तम ठरलें. १९१३ सालीं ओपाऊ येथें कारखाना निघाला. त्याच जातीच्या लोखंडावर आजही जगांतील खतें, आणि म्हणून कोट्यवधि लोकांचें अन्न, अवलंबून आहे. मिट्टाश यांच्या त्या टांचणवह्यांत निष्फळ प्रयोगांच्या नोंदी सफल प्रयोगांहून कितीतरी अधिक होत्या. पण त्या निष्फळ नोंदींवांचून सफल नोंद झाली नसती.

तेव्हां ह्या नव्या इंधनांविषयीं सुजाण गृहस्थानें कोणती वृत्ति धरावी? सरसकट हंसण्यावारी नेऊं नये आणि सरसकट मान डोलावूं नये. कोणतीही बातमी आली कीं तीन प्रश्न विचारावे. पहिला, ऊर्जा कोठून आली? दुसरा, हायड्रोजन कोठून आला? चीनमध्यें हेनान प्रांतांतील आन्यांग येथें २०२२ सालीं कार्बन डायऑक्साइडापासून वर्षाला १,१०,००० टन मेथॅनॉल करणारा कारखाना सुरू झाला. उत्प्रेरकाच्या दृष्टीनें ती मोठीच कामगिरी आहे. पण त्याचा हायड्रोजन कोळशाच्या कोक भट्ट्यांच्या वायूंतून घेतलेला आहे, आणि कासोचा हायड्रोजन विजेनें पाण्यांतून काढलेला आहे. दोन्ही ठिकाणचें मेथॅनॉल एकाच चवीचें. वंशावळ मात्र निराळी. तिसरा प्रश्न, हें इंधन जाळणार कोठें? जेथें वीज थेट वापरतां येते, तेथें तिचें आधीं इंधन करून मग तें जाळणें म्हणजे पुण्यास जाण्यासाठीं मुंबईहून निघून महाबळेश्वर चढण्यासारखें आहे. घरची चूल, गांवांतील मोटार यांना थेट वीजच बरी. परंतु महासागर ओलांडणारें जहाज किंवा लांब पल्ल्याचें विमान पुरेशा बॅटऱ्यांचें ओझें वाहूं शकत नाहीं. तेथें, आणि ज्या वस्तूंत कर्ब हा घटकच आहे त्या करण्यासाठीं, हा महागडा मार्ग पत्करणें शहाणपणाचें ठरतें.

वनस्पति तुपाच्या डब्यांतील निकेलानें कधीं फुकट तूप दिलें नाहीं. तेल व हायड्रोजन यांची किंमत द्यावीच लागली. हवेंतून इंधन करणारा उत्प्रेरकही फुकट इंधन देणार नाहीं. तो वाट सुलभ करील, वेळ वांचवील, ऊर्जेची नासाडी थांबवील. परंतु चढणीचें मोल सूर्याकडून, वाऱ्याकडून किंवा वाहत्या पाण्याकडून घेऊनच फेडावें लागेल. शास्त्राच्या ह्या प्रामाणिक हिशेबांत निराश होण्यासारखें कांहीं नाहीं. फुकट मिळेल अशी आशा सोडली, म्हणजे कष्टानें जें मिळण्यासारखें आहे तें पदरांत पाडून घेण्याचा उद्योग सुरू होतो.